पहिलं क्रेडिट कार्ड : घाई नक्की कुणाला आहे?

मंडळी, या वीकेंडला जरा भांडायचा मूड आहे. ज्यांना पॉइंट्सचे एक्सेल शीट मेंटेन करायला आवडतं त्यांनी आधीच चहा घेऊन बसावं.

आमच्या हापिसात दरवर्षी फ्रेशर्सची नवी बॅच येते. पहिला पगार झाला की आठ-दहा दिवसांत कँटीनमध्ये कुणीतरी विचारतंच, "पहिलं क्रेडिट कार्ड कुठलं घेऊ?" प्रश्न नीट ऐका. 'घेऊ का?' असं कुणी विचारत नाही, 'कुठलं घेऊ?' असं विचारतात. म्हणजे घ्यायचं हे ठरलेलंच आहे, आता फक्त रंग निवडायचाय. मग टेबलावरचे सगळे सीनियर अहमहमिकेने सल्ले देतात. याचा कॅशबॅक भारी, त्याचं लाउंज भारी, अमुक कार्ड 'लाइफटाइम फ्री'. पण बाबा रे, तुला याची गरज काय, हे कुणी म्हणजे कुणी विचारत नाही.

माझं मत सरळ सांगतो. नोकरीच्या पहिल्या एक-दोन वर्षांत क्रेडिट कार्ड घेऊ नका. नंतर घ्यायचं असेल तर कशासाठी ते आधी कागदावर लिहा आणि मग घ्या. मी काही 'ऋण काढून सण नको रे बाबा' म्हणत उसासे टाकणारा काका नाही. माझ्याकडे एक कार्ड आहे, ते ऑनसाइट जायच्या वेळी कारणाने घेतलं होतं. गृहकर्ज वाईट, कर्ज वाईट, बँका चोर असलं काही मला म्हणायचं नाही. मला एवढंच म्हणायचंय की पहिल्या पगाराला पहिलं कार्ड हे जे गृहीत धरलं जातं, ते बँकेच्या सोयीचं आहे, तुमच्या नाही.

आधी वस्तू काय आहे ते बघू. मराठीत क्रेडिटला 'पत' असा नेमका शब्द आहे. पतपेढी, पतसंस्था, बाजारात पत असणं, पत जाणं. पत म्हणजे लोकांनी तुम्हाला ओळखून तुमच्यावर टाकलेला विश्वास. गल्लीतला वाणी 'आज रोख उद्या उधार' अशी पाटी लावायचा आणि त्याच पाटीखाली बसून वहीत तुमची उधारी लिहायचा. कुणाचा पगार कधी होतो, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे त्याला माहीत असायचं. वही फुगायला लागली की तो स्वतःच हात आखडता घ्यायचा, "वहिनी, मागचं जरा बघा" म्हणायचा. कारण तो साखर-तांदूळ विकून जगत होता. तुमची उधारी वाढली तर त्याचं नुकसान होतं.

कार्डवाल्याचं गणित बरोब्बर उलटं आहे. तुम्ही वेळेवर सगळं बिल भरलंत तर त्याला दुकानदाराकडून कापलेल्या कमिशनमधला वाटा मिळतो, झालंच तर वार्षिक फी. पण तुम्ही थोडं मागे ठेवलंत की खरी कमाई सुरू. या धंद्यात दर महिन्याला बाकी पुढे ढकलणाऱ्या ग्राहकाला 'रिव्हॉल्व्हर' म्हणतात आणि सगळं बिल चुकतं करणाऱ्याला 'ट्रान्झॅक्टर'. अमेरिकेत तर वेळेवर पूर्ण पैसे भरणाऱ्यासाठी 'डेडबीट' असाही शब्द चालतो. एरवी त्याचा अर्थ बुडव्या असा होतो! ज्या धंद्यात प्रामाणिक ग्राहकाला थट्टेने का होईना बुडव्या म्हणतात, त्या धंद्याची वही कशी चालते ते वेगळं सांगायला नको.

हे काही आजचं नाही. १९५८ च्या सप्टेंबरमध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात ६०,००० कार्डं लोकांच्या घरी पोस्टाने पाठवून दिली. कुणी मागितली नव्हती. थकबाकी ४ टक्के राहील असा अंदाज होता, निघाली २२ टक्के. बँकेला चांगलाच फटका बसला, तरी तिने कार्ड सोडलं नाही. त्याच कार्डाचं १९७६ साली 'व्हिसा' असं नामकरण झालं. आपल्याकडे सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये कार्ड आणलं, पण मध्यमवर्गाच्या खिशात ते शिरलं नव्वदच्या दशकानंतर. आणि २०२४ च्या सुरुवातीला देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या १० कोटींवर गेली.

न मागता कार्ड द्यायला आपल्याकडे आता बंदी आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत त्यावर दंडही आहे, न मागता दिलेल्या कार्डावर बिल लावलं तर त्या बिलाच्या दुप्पट. म्हणून आता पोस्टाने कार्ड येत नाही, 'प्री-अप्रूव्ह्ड' अशी पट्टी येते. बँकेचं ॲप उघडलं की पहिल्यांदा तीच दिसते, बॅलन्स नंतर. मॉलमध्ये, मेट्रो स्टेशनवर, पेट्रोल पंपावर फॉर्म घेऊन उभ्या असलेल्या पोरांवर मात्र उगाच खेकसू नका. त्यांना टार्गेट असतं, आपल्यासारखंच.

आता इंजिनियरच्या भाषेत. क्रेडिट कार्डाचा डेमो नेहमी हॅपी पाथचा असतो. खर्च केला, बिल आलं, पूर्ण भरलं, पॉइंट्स मिळाले. सगळं हिरवं. पण कुठलीही सिस्टीम कशी आहे हे हॅपी पाथवरून कळत नाही, एरर हँडलिंगवरून कळतं. तर एरर आली की काय होतं ते बघू.

व्याज महिन्याला साधारण ३ ते ३.७५ टक्के. आपण ३.५ धरू. हा आकडा मुद्दाम महिन्याचा सांगतात, कारण वर्षाचा ४२ टक्के होतो आणि तो ऐकून माणूस खुर्चीवरून उठतो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे महिन्याला ४.१३ टक्के.

समजा १ लाख रुपये बाकी आहेत. कार्ड बाजूला ठेवलं, नवीन खर्च शून्य. बिलावर 'मिनिमम ड्यू' नावाची एक प्रेमळ रक्कम असते, ती बऱ्याचदा बाकीच्या ५ टक्क्यांच्या आसपास असते. तुम्ही दर महिन्याला ठरवून ५,००० भरताय असं धरा. पहिल्या महिन्यात त्यातले ४,१३० रुपये व्याज आणि करात जातात. मुद्दल कमी होते ८७० रुपयांनी. वर्षभर इमानदारीत ६०,००० भरल्यावर बाकी राहते सुमारे ८६,८००. असंच भरत राहिलात तर कर्ज फिटायला साडेतीन वर्षांहून जास्त, ४३-४४ महिने लागतात आणि १ लाखाचे सुमारे २ लाख १६ हजार होतात. आणि लक्षात ठेवा, ५ टक्क्यांचा आकडा बाकीबरोबर खाली येतो. म्हणजे नुसतं मिनिममच भरत गेलात तर याहूनही लांबतं.

ही झाली उघड एरर. दुसरी छुपी आहे आणि ती बहुतेकांना माहीतच नसते. समजा १ तारखेला तुम्ही ५०,००० चा लॅपटॉप घेतला. बिल २० ला आलं, भरायची तारीख पुढच्या महिन्याची १०. तुम्ही १० ला ४९,००० भरले, १,००० राहिले. व्याज कशावर लागेल? सगळे म्हणतात हजारावर. तसं नाही. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदतच रद्द होते, आणि व्याज लागतं खरेदीच्या तारखेपासून, ५०,००० वर. चाळीस दिवसांचे सुमारे २,३००, वर ४१४ रुपये जीएसटी. हजार रुपये कमी भरल्याचा दंड २,७०० रुपये! शिवाय बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीवर, अगदी दुधाच्या पिशवीवरसुद्धा, पहिल्या दिवसापासून व्याज. एखाद्या ज्युनियरने अशी लॉजिक असलेली बिलिंग सिस्टीम लिहिली तर कोड रिव्ह्यूमध्ये आपण तिला बग म्हणू. इथे ती फीचर आहे.

बरं, या व्याजाला काही वरची मर्यादा? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटलं होतं की ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला. दर ठरवणं हे रिझर्व्ह बँकेचं आणि बँकांचं काम, आयोगाचं नाही, असं साधारण म्हणणं. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही, त्यात मला पडायचं नाही. पण आपल्यापुरता अर्थ एवढाच की कुणी ३० वर थांबवेल या भरवशावर राहू नका.

आता कँटीनमधले युक्तिवाद एकेक करून घेऊ.

१. "अरे पण सिबिल स्कोअर कसा बनणार?"

हा सगळ्यात लाडका. कार्ड घेतलं नाही तर स्कोअर नाही, स्कोअर नाही तर होम लोन नाही, होम लोन नाही तर लग्न नाही, इथपर्यंत ही साखळी जाते :-) पहिली गोष्ट, रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितलंय की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुना इतिहास नाही म्हणून फेटाळू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने संसदेत हेच पुन्हा सांगितलं. बँक पगार बघते, नोकरी बघते, खात्याचे व्यवहार बघते.

आता तुम्ही म्हणाल, प्रत्यक्षात चांगल्या स्कोअरवाल्याला व्याजाचा दर जरा बरा मिळतो. मान्य. पण तू बावीस वर्षांचा आहेस. होम लोन घेणार तिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी. त्याच्या दोन वर्षं आधी एफडीवर मिळणारं छोटं कार्ड घे, त्यावर फक्त मोबाईलचं बिल भर, इतिहास तयार. शैक्षणिक कर्ज काढलं असेल तर त्याचे हप्ते वेळेवर जाताहेत त्यातून तो तयार होतोच आहे. उलट कार्डाचं बिल तीन दिवसांहून जास्त उशिरा गेलं की ते थकीत म्हणून कळवता येतं, आणि १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती दर पंधरा दिवसांनी पाठवावी लागते. म्हणजे जी पत बनवायला कार्ड घेतलं, तीच घालवायची सोय आधी झाली.

२. "पंचेचाळीस दिवस बिनव्याजी पैसे मिळतात, कोण सोडतं?"

चला, हिशोब करू. महिन्याला २०,००० रुपये कार्डावर खर्च केले. तेवढे पैसे सरासरी महिनाभर तुमच्या बचत खात्यात जास्त राहिले. ३ टक्के व्याज धरा. मिळाले ४९ रुपये. दोन वडापाव. दोन वडापावसाठी आपण ४२ टक्क्यांचा विंचू खिशात घेऊन फिरायचं का?

३. "पॉइंट्स फुकट मिळतात."

२०,००० वर एक टक्का धरला तर महिन्याला २००, वर्षाला २,४००. ठीक आहे, रक्कम खरी आहे. पण कार्ड हातात असताना तुमचा खर्च फक्त ५ टक्क्यांनी वाढला तर वर्षाला १२,००० जास्त गेले. "माझा नाही वाढत" असं प्रत्येकाला वाटतं. २००१ साली एमआयटीच्या ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बास्केटबॉलच्या मॅचच्या तिकिटांचा बंद पाकिटातला लिलाव. काहींना सांगितलं पैसे रोख द्यायचेत, काहींना सांगितलं कार्डने. कार्डवाल्यांनी लावलेल्या बोली दुप्पटीपर्यंत गेल्या. आणि ही माणसं अडाणी नव्हती, एमबीएची मुलं होती! आपल्यासारखीच एक्सेल येणारी.

आणि वार्षिक फीची गंमत बघा. 'वर्षात अमुक लाख खर्च केलेत तर ५०० रुपये फी माफ.' फेब्रुवारीत लोक बसतात मोजत, अजून पंधरा हजार कमी पडताहेत, काय घेऊ बरं? पाचशे वाचवायला पंधरा हजार. माझी आजी याला काय म्हणाली असती ते इथे लिहिता येणार नाही. लाउंजचंही तेच. २०२४ पासून अनेक कार्डांवर मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला तरच लाउंज मिळतं. म्हणजे ती इडली फुकट नाही, तिचे पैसे तीन महिने आधी घेतलेत.

४. "नो कॉस्ट ईएमआय आहे की!"

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच सांगितलंय की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही. व्याज असतंच, ते दुकानदार किंवा कंपनी सूट म्हणून आधी वजा करते, आणि रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती ती सूट तुमच्या हातून जाते. वर व्याजावरचा जीएसटी आणि बऱ्याचदा प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. 'फोन ७२,००० चा आहे' हे वाक्य ऐकून माणूस विचार करतो. 'महिन्याला फक्त ६,०००' हे ऐकून करत नाही. असे तीन 'फक्त' एकत्र आले की पगाराचा निम्मा भाग पगार होण्याआधीच विकलेला असतो.

५. "इमर्जन्सीला उपयोगी पडतं."

कार्डाचं लिमिट म्हणजे बचत नव्हे. ते दुसऱ्याचे पैसे आहेत. घरी कुणी आजारी पडलं, दवाखान्यात रात्री दोनला डिपॉझिट मागितलं, तर कार्ड कामाला येतं हे खरं. पण दीड महिन्यात ती रक्कम उभी करायचीय, नाहीतर वरचं सगळं गणित सुरू. त्यापेक्षा पहिल्या वर्षी तीन महिन्यांच्या खर्चाएवढी एफडी करा आणि त्या एफडीवर ओव्हरड्राफ्टची सोय घ्या. त्याचं व्याज एफडीच्या दराहून साधारण एक-दोन टक्के जास्त असतं. ४२ कुठे आणि हे कुठे. आणि आई-बाबांचा आरोग्य विमा काढलाय का? तो न काढता ट्रॅव्हल कार्ड शोधणाऱ्या माणसाशी इमर्जन्सीवर मी बोलणार नाही.

६. "डेबिट कार्डापेक्षा सेफ आहे."

हा एकच युक्तिवाद मला खरोखर वजनदार वाटतो. डेबिट कार्डावर फ्रॉड झाला तर तुमचे पैसे जातात आणि ते परत मिळवायला तुम्ही हेलपाटे घालता. क्रेडिट कार्डावर झाला तर निदान खातं रिकामं होत नाही, वाद बिलावर चालतो. घरभाडं जायच्या दिवशी हा फरक मोठा असतो. परदेशात हॉटेलचं डिपॉझिट, भाड्याची गाडी, अशा ठिकाणीही क्रेडिट कार्डच चालतं बऱ्याचदा. या कारणासाठी कुणी कार्ड घेत असेल तर मी वाद घालणार नाही.

पण यावरही स्वस्तात उपाय आहे. पगाराचं खातं वेगळं, ऑनलाइन खर्चाचं वेगळं, दुसऱ्यात फक्त त्या महिन्याचे पैसे. २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे प्रत्येक कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ॲपमधून बंद-चालू करता येतात, लिमिट घालता येतं. आणि ओटीपी स्वतःच्या तोंडाने सांगितलात तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच, कार्ड कुठलंही असो. सुरक्षितता ही सवय आहे, प्लास्टिकचा तुकडा नाही.

आता राहिला शेवटचा. "मी वेळेवर भरीन रे. मी तसा नाही."

माझा कॉलेजचा एक मित्र आहे. हुशार, निर्व्यसनी, घरी पैसे पाठवणारा. तोही तसा नव्हता. पहिल्या कार्डाचं बिल त्याने सलग दोन वर्षं पूर्ण भरलं. म्हणून लिमिट वाढवायची ऑफर आली, म्हणून दुसरं कार्ड आलं, मग तिसरं. मग बहिणीच्या लग्नात एकदा मिनिमम भरलं, 'पुढच्या महिन्यात बघू'. मग एका कार्डाची बाकी दुसऱ्यावर. तीन वर्षांनी आकडा चार लाखांच्या पुढे होता. यात कुठेही चैन नाही, गोव्याची ट्रिप नाही, आयफोन नाही. हॅपी पाथवर दोन वर्षं चाललेला माणूस एका एक्सेप्शनला पडला, बस.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. त्या काळात त्याचा मॅनेजर अत्यंत वाईट होता. रात्री-बेरात्री कॉल, चारचौघांत अपमान. तो दुसरी नोकरी शोधू शकला असता, एक महिना घरी बसून नीट तयारी करू शकला असता, सरळ राजीनामा देऊ शकला असता. नाही दिला. कारण एक पगार चुकला तर तीन बिलं एकदम चुकणार होती. दीड वर्षं त्याने ते सहन केलं. शेवटी एका कार्डाचा हप्ता चुकलाच आणि वसुलीचा फोन गेला गावाकडे, वडिलांना. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो फोन दुपारी आला होता, नियमात बसणारा. वडील आयुष्यभर पतसंस्थेचे सभासद, कधी हप्ता चुकवला नाही. त्यांना 'तुमचा मुलगा' अशी सुरुवात ऐकावी लागली.

मंडळी, पगारदार माणसाकडे शेत नसतं, दुकान नसतं. त्याच्याकडे खरी एकच ताकद असते, 'नाही' म्हणता येणं. नाही, हा प्रोजेक्ट मी करणार नाही. नाही, मी चाललो. ही ताकद बँकेत पडलेल्या तीन-चार महिन्यांच्या खर्चातून येते आणि डोक्यावरच्या बाकीमुळे जाते. आमच्या धंद्यात लेऑफ कधी येतील याचा नेम नाही, २०२२ नंतर ते सगळ्यांनी पाहिलंय. पुढच्या महिन्याचा पगार येईलच हे गृहीत धरून आजचा खर्च करणं, याला आपण कोडमध्ये काय म्हणतो? नल चेक न करता पॉइंटर वापरणं.

मग कार्ड कधीच नको? तसं नाही. माझ्या तीन कसोट्या आहेत.

एक, तीन महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे बाजूला आहेत का?

दोन, मागच्या महिन्यात यूपीआयने एकूण किती खर्च केला हे ॲप न उघडता सांगा. मग ॲप उघडा. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर तुमचा हात तुमच्या ताब्यात आहे. खात्यातून लगेच वजा होणाऱ्या पैशांचाच हिशोब लागत नसेल, तर दीड महिन्याने वजा होणाऱ्यांचा कसा लागेल?

तीन, 'मला कार्ड ... साठी हवंय' या वाक्यातली गाळलेली जागा 'ऑफर', 'पॉइंट्स' आणि 'सगळ्यांकडे आहे' हे शब्द न वापरता भरता येते का?

तिन्हींत पास झालात तर घ्या, खुशाल घ्या. एकच घ्या. लिमिट स्वतःहून कमी मागा, एका महिन्याच्या पगाराहून जास्त नको. ऑटो-डेबिट लावताना 'टोटल ड्यू' वर टिक करा. बाजूलाच 'मिनिमम ड्यू' चा पर्याय असतो, तो साधा दिसतो. कार्डाने एटीएममधून कधीच पैसे काढू नका, तिथे बिनव्याजी मुदत नसतेच, वर फी वेगळी. आणि नको झालं तर बंद करा. सगळी बाकी भरलेली असेल तर सात कामाच्या दिवसांत बँकेने ते बंद करायला हवं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायला हवेत, हाही २०२२ चाच नियम.

आणि कसोटीत नापास झालात तर त्यात कमीपणा काहीच नाही. यूपीआय आहे, डेबिट कार्ड आहे, रोख आहे. क्रेडिट कार्ड नसल्यामुळे आज पुण्यात किंवा मुंबईत तुमचं एकही काम अडत नाही. 'ऑफर आज रात्री बारापर्यंतच आहे' असं सांगणारा फोन आला तर खुशाल हो म्हणा, बरं, आज बारापर्यंत, आणि ठेवून द्या. ती ऑफर उद्या पुन्हा येते. परवाही येते. जी वस्तू इतक्या वेळा दारात येऊन उभी राहते, तिच्यासाठी आपण धावायचं कारण नाही.

ता.क. : 'माझं कार्ड मला वर्षाला अमुक हजार कमावून देतं' असं लिहायला कळफलक सरसावलेल्या मित्रांना विनंती, त्या आकड्याशेजारी कार्ड घेण्याच्या आधीच्या वर्षाचा आणि नंतरच्या वर्षाचा तुमचा एकूण खर्चही लिहा. मग बोलू.